चिनार पानांत असताना बर्फ पडला तर

दिवाळीच्या सुट्टीत काश्मीरला निघालेल्या माणसाच्या मनात दोन चित्रं असतात: लाल चिनार आणि पांढरा बर्फ. एरवी एका सहलीत ही दोन्ही पदरात पडत नाहीत. चिनार रंगतो तो ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. श्रीनगर शहरात जोराचा बर्फ अपेक्षित असतो तो ‘चिल्लई कलान’ या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, आणि ते २१ डिसेंबरला सुरू होतात. पण कधीतरी हे वेळापत्रक मोडतं. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या चार दिवस आधी, श्रीनगरात बर्फ पडला. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तो पुन्हा आला आणि जोरात आला. दोन्ही वेळा झाडांवर पानं होती.

अशा वेळी हातात कॅमेरा किंवा मोबाइल असणारे बहुतेक जण बर्फाकडे वळतात आणि नेहमीच्या हिवाळी फोटोंसारखे फोटो घेऊन परततात. अवेळी आलेल्या बर्फात फोटोचा विषय बर्फ नसतो, बर्फाखालचं पान असतो. हे एकदा मनात पक्कं केलं, की कुठे जायचं, किती वाजता जायचं, एक्स्पोजर किती ठेवायचं आणि कुठे अजिबात उभं राहायचं नाही, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

हा बर्फ वेगळा का असतो

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भूमध्य समुद्राकडून येणारा एखादा जोरदार पश्चिमी विक्षोभ खोऱ्यात थंडी आणि ओलावा एकदमच घेऊन येतो. तेव्हा तापमान शून्याच्या आसपासच घुटमळत असतं. म्हणून हा बर्फ जानेवारीतल्यासारखा कोरडा आणि भुरभुरीत नसतो. तो ओला, जड आणि चिकट असतो. त्याचे कण एकमेकांना चिकटून मोठाले होतात आणि फांदी, तार, छत्री, सायकलची सीट, जे मिळेल त्याला धरून बसतात.

चिनाराचं पान पसरलेल्या पंजासारखं रुंद असतं. झाड निष्पर्ण असताना बर्फ फांद्यांमधून खाली निसटतो. पानं असली की प्रत्येक पान बर्फ झेलतं आणि सगळा भार फांदीवर येतो. सफरचंदाच्या बागांचं तेच होतं. २०१८ आणि २०१९ मध्ये खोऱ्यात हजारो फळझाडं मोडली ती यामुळेच. फोटोतलं सौंदर्य आणि बागवानाचं नुकसान यांचं कारण एकच आहे, हे तिथे फिरताना विसरून चालत नाही.

हे फक्त काश्मीरचं नाही. २९ ऑक्टोबर २०११ रोजी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २.९ इंच बर्फ पडला. तिथल्या नोंदी १८६९ पासूनच्या आहेत, आणि ऑक्टोबरात एक इंचाहून जास्त बर्फ त्याआधी एकदाही नोंदला गेला नव्हता. बर्फाचं माप मोठं नव्हतं, तरी पार्कातल्या शेकडो झाडांचं नुकसान झालं, कारण झाडं हिरवी-पिवळी होती. न्यू जर्सी आणि कनेटिकटमध्ये तारांवर फांद्या कोसळून लाखो घरांची वीज गेली. कित्येक ठिकाणी ती यायला काही दिवस लागले. तिकडे राहणाऱ्या वाचकांना पुढच्या सूचना जशाच्या तशा लागू पडतील, फक्त चिनाराच्या जागी मेपल आणि ओक धरायचे.

आदल्या संध्याकाळी

असा बर्फ सहसा न सांगता येत नाही. श्रीनगरचं हवामान केंद्र एक-दोन दिवस आधी इशारा देतं. तो आला की सर्वांत महत्त्वाचं काम बर्फ पडायच्या आधी करायचं असतं. उद्या जिथे फोटो घ्यायचे आहेत, तिथे आज संध्याकाळी जाऊन फोटो घेऊन ठेवा. नसीम बागेतला एखादा चिनार, झेलमवरचा लाकडी झिरो ब्रिज, हॉटेलच्या खिडकीतून दिसणारी गल्ली, अशी तीन-चार ठिकाणं पुरे. कुठे उभे होता, कॅमेरा किती उंचीवर होता आणि लेन्सची फोकल लेंग्थ किती होती, हे लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी नेमकं तिथूनच परत टिपा. एका रात्रीत ऋतू कसा बदलला, हे अशी जोडी जितकं सांगते तितकं एकटा फोटो कधीच सांगत नाही.

बाकीची तयारी थोडक्यात. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून ठेवा, कारण बर्फ पडला की वीज जाण्याची शक्यता दाट. परराज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे गटात एक तरी पोस्टपेड क्रमांक हवा. गमबूट स्थानिक बाजारात मिळतात. पुण्या-मुंबईहून नेलेले स्पोर्ट्स शूज तासाभरात भिजतात. परतीच्या विमानाला एक दिवसाची सवड ठेवा, कारण अशा हवेत विमानं रद्द होतात आणि जम्मू-श्रीनगर महामार्गही बंद पडतो.

एक्स्पोजर: ‘दोन स्टॉप वाढवा’ हा नियम इथे चुकतो

कॅमेऱ्यातला मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग परतवतो. मीटरला वाटतं, प्रकाश फारच आहे. तो एक्स्पोजर कमी करतो आणि बर्फ मळकट येतो. म्हणून हिवाळी फोटोग्राफीच्या पुस्तकांत एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप वाढवायला सांगितलेलं असतं. चौकटभर बर्फ आणि वर ऊन असेल, तर ते बरोबरच आहे.

अवेळच्या बर्फात मात्र चौकट निम्मी पानांनी, ओल्या खोडांनी, विटांच्या भिंतींनी भरलेली असते. तिथे दोन स्टॉप वाढवलेत तर पानाचा रंग उडतो आणि त्यावरच्या बर्फातले सगळे बारकावे जातात. ढगाळ हवेत सुरुवात अशी करा: पानं आणि बर्फ निम्मे-निम्मे असतील तर सुमारे अर्धा स्टॉप वर, बर्फ तीन-चतुर्थांश असेल तर एक ते दीड स्टॉप वर, काळ्या खोडासमोर पडणारे कण टिपायचे असतील तर शून्यावर, प्रसंगी थोडं खालीही. मग हिस्टोग्राम पाहा. आलेख उजव्या कडेच्या जवळ हवा, तिला धडकलेला नको. कॅमेरा तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवत असेल तर लाल आलेखाकडे खास लक्ष द्या. चिनाराच्या पिकल्या पानात लाल रंग आधी भरून वाहतो आणि पान एकसपाट लाल डाग होऊन बसतं.

फोटो रॉ स्वरूपात घ्या. व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर ठेवला तर पानांची ऊब टिकते आणि सावलीतला बर्फ फार निळा पडत नाही. पहाटेचा किंवा सांजवेळेचा निळेपणा मात्र पुसू नका, तो खरा असतो.

मोबाइलवर हेच काम बोटाने होतं. पानावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. मग सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून बर्फ पांढरा दिसेल, पण त्याचा पोत हरवणार नाही, इतपत उजेड ठेवा. फ्लॅश बंद ठेवा. तो लावलात तर लेन्सजवळचे कण पांढऱ्या चकत्या होऊन चेहऱ्यांवर येतात. रंग भडक करणारे फिल्टरही नकोत. लाल आणि पांढरा शेजारी आले की त्यांना आणखी भडक करावं लागत नाही.

पोलरायझर फिल्टर असेल तर जरूर न्या. ओल्या पानावरची चकाकी तो कापतो आणि खालचा रंग उघडा करतो. मात्र त्यात एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो, तेवढा आयएसओ वाढवावा लागेल.

बर्फ पडत असताना

पडणारा बर्फ दिसायला हवा असेल तर त्याच्यामागे काहीतरी काळं हवं. पांढऱ्या आभाळासमोर पांढरे कण दिसत नाहीत. चिनाराचं ओलं खोड, देवदाराचं लाकूड, जुन्या शहरातल्या घरांच्या काळवंडलेल्या खिडक्या, उघड्या दुकानाचा अंधार, यांच्यासमोर ते उठून दिसतात. हजरतबल दर्ग्याचा पांढरा घुमट याच्या उलट उदाहरण आहे. बर्फाळ आभाळात तो जवळजवळ विरघळतो. त्याला चौकटीत जागा द्यायची असेल तर पुढे चिनाराची एखादी गडद फांदी घ्या, म्हणजे घुमटाला कडा मिळते.

शटरचा वेग हा इथे मुख्य निर्णय. १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवलं तर कण जागच्या जागी गोठतात. १/६० च्या आसपास त्यांच्या आखूड रेघा होतात आणि वाऱ्याची दिशा कळते. त्याहून सावकाश गेलात तर दाट पडणाऱ्या बर्फाचं धुकं होतं. ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावली तर कण मोठे आणि दाट दिसतात. वाइड लेन्समध्ये त्यांचे ठिपके होतात. ऑटोफोकस समोरून जाणाऱ्या कणांच्या मागे धावत राहतो, म्हणून एकच फोकस बिंदू निवडून तो खोडावर ठेवा किंवा सरळ मॅन्युअलवर जा.

जागा ठरली की तिथे थांबा. आल्फ्रेड स्टीग्लिट्झने २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर हिमवादळात घोडागाडीचा प्रसिद्ध फोटो घेतला. त्यासाठी आपण तीन तास उभे होतो, असं त्याने सांगितलं आहे. आपल्याला तीन तास लागणार नाहीत, पण चौकट आधी ठरवायची आणि माणसाला तिच्यात येऊ द्यायचं, ही रीत आजही तीच आहे. झिरो ब्रिजच्या एका टोकाला उभं राहिलात तर छत्री घेतलेलं किंवा फेरन हा लांब झगा घातलेलं कोणीतरी पुलावरून येईलच.

थांबल्यानंतर: घड्याळाकडे पाहा

ओला बर्फ फार टिकत नाही. शहरात तो थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन तास तुमचे. नंतर रस्त्यांवर तपकिरी राडा होतो आणि फांद्यांवरून गोळे कोसळू लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला श्रीनगरात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास मावळतो. बर्फ रात्री पडला असेल तर सहाला बाहेर पडा.

पहिलं ठिकाण नसीम बाग, काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली मुघलकालीन चिनारांची बाग. ती दल सरोवराच्या पश्चिमेकडे आहे आणि झबरवानचे डोंगर सरोवराच्या पूर्वेला. ढग फाटले तर ऊन डोंगरांवरून समोरून येतं आणि पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की पानं मागून उजळतात. बर्फाच्या ओझ्याखाली वाकलेलं आणि आतून पेटलेलं पान टिपायची हीच वेळ. बागेत शिरण्यापूर्वी उभं राहून ठरवा की कुठून चालायचं. आपल्याच पावलांनी आपलीच चौकट मोडली की ती परत जुळत नाही.

दुसरं ठिकाण दल सरोवर आणि बुलेवार्ड रस्ता. रंगीत शिकाऱ्यांच्या छतांवर आणि गाद्यांवर बर्फ साचलेला असतो. हाउसबोटींचे मालक छतावरचा बर्फ फावड्याने खाली ढकलत असतात. ते काम हौसेचं नसतं, भाराने बोटीला धोका असतो. तिसरं जुनं शहर. खानकाह-ए-मौला या धर्मस्थळाचं लाकडी बांधकाम आणि त्याच्या उतरत्या छपरांचे थर बर्फात रेघेसारखे स्पष्ट होतात. गल्ल्यांत खिडक्यांना हिवाळ्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्यांच्या आणि भाज्यांच्या माळा दिसतात. आली कदलच्या बाजूला हरिसा या मांसाच्या पदार्थाची दुकानं पहाटेच उघडतात. त्यांच्या वाफाळलेल्या काचेतून बाहेरचा बर्फ पाहा. न्यूयॉर्कचा छायाचित्रकार सॉल लायटर अशाच धुरकट काचांमधून रंगांचे ठिपके शोधत असे.

आता एक बारकावा, जो चुकवू नये. नेहमीच्या वर्षी पानं आधी गळतात आणि बर्फ त्यांच्यावर पडतो. अवेळच्या बर्फात क्रम उलटतो: बर्फ आधी पडतो आणि पानं त्याच्यावर गळतात. पांढऱ्यावर पडलेलं हे लाल पान पहिल्या ऊबदार दुपारी सगळीकडे दिसतं. ते शोधा, हाताने उचलून मांडू नका. मांडलेलं पान कोरडं आणि बर्फावर अलगद टेकलेलं असतं; आपणहून पडलेलं पान ओलं असतं आणि त्याने खाली आपला खळगा केलेला असतो. पाहणाऱ्याला फरक कळतो.

माणसं

पहिल्या बर्फाला तिथे लोक एकमेकांना ‘शीन मुबारक’ (बर्फ मुबारक) म्हणतात, मुलं गोळे मारतात, म्हातारी माणसं फेरनमध्ये कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून दारात उभी राहतात. तुम्हीही आधी ‘मुबारक’ म्हणा, मग कॅमेरा दाखवून नजरेनेच विचारा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोतच. सुरक्षा दलांच्या चौक्या, बंकर आणि जवान चौकटीत घेऊ नका. कोणी थांबवलं तर वाद न घालता कॅमेरा खाली करा. ड्रोन प्रशासनाच्या परवानगीशिवाय उडवू नका.

शहराबाहेर सफरचंदाच्या बागेत लोक काठ्यांनी फांद्या हलवून बर्फ पाडत असतील. दृश्य देखणं असतं, पण ते त्यांच्या वर्षाच्या कमाईची राखण करत असतात, आणि कलमाला पुन्हा फळं धरायला वर्षं लागतात. तिथे फोटोपूर्वी विचारपूस करा. एखादी काठी हातात घेतलीत तर उत्तमच.

जपायचं काय

मोडकी फांदी बर्फ थांबल्यानंतरही पडू शकते. करकर ऐकू आली की वर पाहत बसू नका, बाजूला व्हा. पानांनी भरलेल्या जुन्या चिनाराखाली ट्रायपॉड लावून उभं राहणं टाळा; बाहेरून लांब लेन्सने काम करा. जमिनीवर पडलेली तार जिवंत आहे असंच समजा. उतरत्या पत्र्याच्या छपरांवरून बर्फाची लादी एकदम घसरते, म्हणून भिंतीला लागून चालू नका. घाटाच्या पायऱ्या आणि हाउसबोटीच्या फळ्या निसरड्या झालेल्या असतात.

थंडीत लिथियम बॅटरी लवकर उतरते. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. कांगडीजवळ मात्र कधीही नाही, निखाऱ्याची आच बॅटरीला धोक्याची असते. कॅमेऱ्यावर साधी शॉवर कॅप चढवली तरी ओला बर्फ बऱ्यापैकी अडतो. लेन्सला हूड लावा आणि काचेवर फुंकर मारू नका. खोलीत शिरण्यापूर्वी मेमरी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. बुखारी या शेगडीने तापलेल्या खोलीत गार कॅमेरा उघडा नेला की लेन्सच्या आत-बाहेर दव धरतं. तासाभराने पिशवी उघडा.

निवड आणि नोंद

अवेळी पडलेल्या बर्फाचा फोटो ही हवामानाची नोंदही असते. म्हणून कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा आणि प्रत्येक निवडक फोटोखाली तारीख, वेळ आणि जागा लिहा. बर्फ किती साचला ते कळण्यासाठी एखाद्या फोटोत बाक, सायकलची सीट किंवा पायरी असू द्या. बागेत मोडक्या झाडांचे फोटो घेतले असतील तर ते काहीही न सुधारता बागवानाला पाठवा. नुकसान दाखवायला ते त्याला उपयोगी पडू शकतात.

मग पाच-सहा फोटोंचा संच करा: आधी-नंतरची जोडी, एक पान, एक माणूस, एक मोडलेली फांदी, एक शहराचं मोठं दृश्य. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा जानेवारीत काढता आला असता का? उत्तर ‘हो’ आलं, तर तो कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवा.